डिंकवाल्या डॉक्टरबाई

बाईंची खुर्ची जिन्याच्या तोंडाशी असायची. ओपीडी पहिल्या मजल्यावर. खोली चांगली ऐसपैस, तिला खिडकी, खिडकीबाहेर कडुलिंब. पण बाई खोलीत बसत नसत. जिना संपतो तिथं खुर्ची ओढून मांडायच्या आणि वर येणाऱ्या माणसांकडे बघत राहायच्या. कोण कठडा धरतंय, कोण मधल्या वळणावर थांबून उगाच भिंतीवरचा फळा वाचल्यासारखं करतंय, कुणाच्या पायांना सूज आहे म्हणून चपला हातात आहेत. पेशंट धापा टाकत समोर उभा राहीपर्यंत बाईंचं निम्मं काम झालेलं असायचं. आमच्या एका विश्वस्तांना हे बरं दिसेना. ते म्हणाले, "डॉक्टर, आपण आत बसावं. बाहेर शिपाई बसतो."

बाई म्हणाल्या, "मग शिपायाला आत बसवा."

डॉ. गिरिजा बिराजदार. सोलापुरात छातीची आणि हृदयाची ऑपरेशनं करणाऱ्या त्या काळात त्या एकट्याच, आणि त्याही बाई. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. गिरण्यांचे भोंगे अजून वाजत होते आणि आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलातल्या पाळ्याही त्या भोंग्यांवरच बदलायच्या. मी तिथं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. वडील होटगी जंक्शनला रेल्वेत. नर्सिंग करून सोलापुरात नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं की मी दोन-तीन वर्षांत लग्न करून निघून जाईन. बाईंच्या हाताखाली पडले आणि राहिले.

बाई मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरचं बोलणं कानडी, शिक्षण मराठीत. साडी नेहमी इरकली, पदर घट्ट खोचलेला, आणि पुरुषी घड्याळ मनगटाऐवजी पिनेनं पदराला अडकवलेलं. मराठी बोलताना वाक्यं तोडून तोडून टाकायच्या. एखादी म्हातारी दक्षिणेकडून आली की मात्र आवाज एकदम मऊ व्हायचा, "बर्री अव्वा, कूडरी," या आई, बसा. काम बिनसलं की पुटपुटणं कानडीतच. थिएटरमध्ये आम्ही त्यावरून अंदाज बांधायचो. मराठी चालू आहे तोवर सगळं ठीक.

त्यांच्याकडे येणाऱ्यांत बायकाच जास्त. विडी वळणाऱ्या, मागावर कांड्या भरणाऱ्या, शेतातल्या. लहानपणी सांधे धरून ताप आलेला, आणि त्या तापानं हृदयाची झडप आकसून गेलेली. बाई म्हणायच्या, "ताप सगळे विसरतात. हृदय विसरत नाही." अशा बायका विशीत पोचेपर्यंत कळशीसुद्धा उचलू शकत नसत. बाई त्यांची छाती डावीकडून उघडायच्या, धडधडत्या हृदयाच्या वरच्या कप्प्याला, कानाच्या पाळीसारखा जो भाग असतो तिथं, एक छोटीशी चीर द्यायच्या आणि उजव्या हाताची तर्जनी आत घालायच्या. हृदय चालूच. दिसत काहीच नाही. बोटानं झडप चाचपायची, तिची चिकटलेली कड मोकळी करायची, बोट बाहेर काढायचं आणि आधीच घालून ठेवलेला टाका आवळायचा. लिहायला सोपं आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ट्रे पुढं करायचा विसरून बघतच राहिले होते आणि भूल देणारे आमचे म्हातारे डॉ. जोशी मास्कमागून म्हणाले होते, "सिस्टर, पेशंटचं मी बघतो, तुम्ही तुमचं बघा."

बाईंना स्वतःला या ऑपरेशनचं फारसं कौतुक नव्हतं. त्या दोन वर्षं जर्मनीत राहून आल्या होत्या. तिथं यंत्रावर रक्त फिरवतात, हृदय थांबवतात, उघडतात आणि डोळ्यांनी बघून दुरुस्त करतात. ते त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं. एकदा हात धुता धुता म्हणाल्या, "शालिनी, तिथं मी बघत होते. इथं मी चाचपते." तेवढंच. यंत्र सोलापुरात येणार नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. ज्यांचं काम बोटानं होण्यासारखं नसायचं त्यांना त्या मुंबईला जायला सांगायच्या. माणसं मान डोलवायची आणि जिना उतरून मोहोळला, करमाळ्याला, आपापल्या गावी परत जायची. बाई चढणाऱ्यांकडे बघायच्या. उतरणाऱ्यांकडे बघत नसत.

तो डिंक आला तो जर्मनीहूनच. बाईंबरोबर तिथं पुण्याचे एक डॉ. दिवेकर काम करत होते. बाई परत आल्या, ते राहिले. दर हिवाळ्यात तिकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती त्यांचा एक डबा यायचा. आत बर्फाचा थर्मास, आणि थर्मासमध्ये बोटाएवढ्या नळ्या, निळ्या रंगाचं पातळ औषध भरलेल्या. शरीराच्या आतला भाग चिकटवायचं ते औषध. त्याचं लांबलचक नाव बाईंशिवाय कुणाला म्हणता येत नव्हतं. आमचा वॉर्डबॉय मल्लेशम त्याला पहिल्याच दिवशी 'निळा डिंक' म्हणाला, आणि मग तेच नाव पडलं.

पहिला डबा आला तेव्हा बाईंनी आम्हाला सगळ्यांना दुपारी थिएटरशेजारच्या खोलीत बोलावलं. खाटकाकडून बोकडाचं काळीज आणवलं होतं. बाईंनी त्यावर चीर दिली, जाळीच्या कपड्यानं ती नीट टिपून घेतली, थेंब सोडला, चिमट्यानं कडा जवळ आणल्या. बघता बघता चीर मिटली. मग त्यांनी दुसरी चीर ओलीच ठेवली आणि तसाच थेंब सोडला. तो वरच्या वर खपलीसारखा जमला आणि निघून आला. "हे लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "आधी कोरडं. ओल्यावर हा धरत नाही. आणि जास्त ओतायचा नाही, जास्त झाला की कडक होतो, गरम होतो, खालचं जाळतो."

डॉ. जोशींना राहवेना. खरंच वाळला का बघायला त्यांनी बोट लावलं, आणि त्यांचं बोट आणि जाळीचा तुकडा एकजीव झाले. ओढून निघेना, धुऊन निघेना. पुढच्या हर्नियाच्या पेशंटला त्यांनी बोटाला ती पांढरी शेपटी घेऊनच भूल दिली. शेवटी हॉस्टेलमधल्या एका पोरीकडे नखांचा रंग काढायचं औषध निघालं, त्यानं सुटका झाली. एवढ्या सगळ्या प्रकारात बाई फक्त एकदा हसल्या, पण तोंडावर रुमाल धरून बराच वेळ.

'आधी कोरडं' हे मग त्यांचं सगळ्यालाच लागू व्हायला लागलं. कुणी नातेवाईक रडत समोर आले की बाई आपला रुमाल पुढं करायच्या. "आधी कोरडं करा. मग बोलू." लोकांना हे रुक्ष वाटायचं. पण डोळे पुसून झाल्यावर त्या खरंच बोलायच्या, आणि समोरच्याचं ऐकूनही घ्यायच्या, घड्याळाकडे न बघता.

डिंक ठेवायचा म्हणजे फ्रीज चालू पाहिजे. उन्हाळ्यात सोलापुरात वीज जायची तेव्हा मल्लेशम सायकल काढून बर्फाच्या कारखान्यावर धावायचा. तो गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन परत येईपर्यंत निम्मं पाणी त्याच्या पाठीवरून वाहत असायचं. "सिस्टर, डिंक हाय का मेला?" तो खालूनच विचारायचा.

जेऊरची सोजर आली ती उन्हाळ्याच्या तोंडाला. नवरा तिथंच रेल्वेत गँगमन. पाच महिन्यांची गरोदर, एकवीस-बावीस वर्षांची असेल. जिना चढताना ती अर्ध्यातच बसली. सासू, चंद्राबाई, तिच्या शेजारी बसली आणि पदरानं तिला वारा घालू लागली. बाई खुर्चीतून उठल्या, चार पायऱ्या उतरल्या आणि तिथंच तिची नाडी धरली. पोटातल्या बाळासाठी रक्त वाढतं, आणि आकसलेल्या झडपेतून ते पुढं जात नाही, मग फुप्फुसांत तुंबतं. औषधांनी चार दिवस थोडा आराम पडला, मग पुन्हा तेच. झोपता येईना, रात्रंदिवस उशांना टेकून बसलेली.

बाईंनी सासूला आणि नवऱ्याला बोलावून सगळं सांगितलं. ऑपरेशन केलं तर धोका आहे, नाही केलं तर जास्त आहे. नवरा खाली मान घालून उभा. चंद्राबाई म्हणाली, "डाक्टरीणबाई, लेकरू ऱ्हायलं तर लई बरं. न्हाय ऱ्हायलं तर देवाची मर्जी. पर माजी सून मला माघारी द्या. तिच्याबिगर माजं घर न्हाय."

बाईंनी या वेळी रुमाल पुढं केला नाही.

ऑपरेशन सकाळी लावलं होतं. सगळं नेहमीसारखं चाललं. बोट आत गेलं, बाईंनी डोळे मिटले, त्या तसं करायच्या, आणि म्हणाल्या, "आहे. उघडतेय." झडप मोकळी झाल्याचं डॉ. जोशींना त्यांच्या हाताखालच्या नाडीवरच कळलं. ते "वा" म्हणाले. मग बाई बोट बाहेर काढायला लागल्या, आणि हृदयाच्या त्या पाळीची कड, जिथं टाका होता त्याच्या खाली, फाटली.

फाटणं दिसलं नाही. एकदम सगळं लाल झालं आणि बाईंची बोटं दिसेनाशी झाली. त्यांनी आतल्या आत फाटलेली जागा चिमटीत धरली. "सक्शन." मग "टाका." मी रेशीम दिलं. टाका घातला, ओढला, आणि तो ओल्या कागदातून दोरा जावा तसा आरपार चिरत आला. दुसरा घातला, तोही तसाच. पातळ झालेलं, फुगून फुगून ताणलेलं ते मांस टाका धरतच नव्हतं. बाई कानडीत काहीतरी म्हणाल्या.

मग मराठीत, अगदी सावकाश, "जोशी, प्रेशर थोडं खाली आणा. शालिनी, निळा."

मी फ्रीजकडे वळले. नळी काढली, टोक कापलं. मधल्या वेळात बाईंनी फाटलेल्या जागेच्या खाली वाकडा चिमटा लावून तेवढाच भाग बाजूला घेतला होता, आणि हृदयावरच्या पातळ आवरणाचा नखाएवढा तुकडा कापून ठेवला होता. सगळ्यात कठीण होतं ते कोरडं करणं. हृदय थांबत नाही, रक्त पाझरायचं थांबत नाही. बाई टिपत होत्या, पुन्हा टिपत होत्या. एका क्षणी त्यांनी हात बाजूला घेतला, मी थेंब सोडला, त्यांनी तो तुकडा वर ठेवला आणि बोटानं दाबून धरला.

आणि मग कुणीच काही केलं नाही. डॉ. जोशी फुगा दाबत होते, तेवढाच आवाज. बाईंचं बोट हृदयाबरोबर वरखाली होत होतं, जणू ते त्याच शरीराचं आहे. त्यांनी चिमटा सोडवला. एका कडेनं रक्ताची बारीक रेघ आली. मी दुसरी नळी पुढं केली. बाईंनी मान हलवली, "आता ओलं आहे," आणि पुन्हा नुसतंच दाबून धरलं. बराच वेळ. मग बोट उचललं. रेघ थांबली होती.

छाती शिवून झाल्यावर बाई बाहेर आल्या आणि चंद्राबाईसमोर उभ्या राहिल्या. "तुमची सून आहे," म्हणाल्या. "लेकरूही आहे, अजून तरी." चंद्राबाईनं त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. बाईही तशाच उभ्या राहिल्या, हात न सोडवता, तिसऱ्या प्रहराचा भोंगा होईपर्यंत.

सोजरला मुलगी झाली, जेऊरलाच, वेळेवर. आणि चंद्राबाईनं जेऊरपासून सगळ्या रेल्वेलाइनीवर सांगितलं की सोलापुरात एक डाक्टरीणबाई काळजाला डिंक लावते. मग लोक यायला लागले. एक आजोबा मोहोळहून गुडघ्याला डिंक लावून घ्यायला आले. एका बाईला तिच्या नवऱ्याचं घरातून बाहेर पळणारं मन चिकटवून पाहिजे होतं. बाईंनी तिलाही बसवून घेतलं, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ओलं असतं. त्यावर हा धरत नाही." ती बाई हसत जिना उतरून गेली. गावात त्यांचं नावच पडलं, डिंकवाल्या डॉक्टरबाई.

माझ्या आठवणीतलं त्यांचं सुख हे एवढंच एक वर्ष.

बाई रोज रफीकभाईंच्या टांग्यातून यायच्या. घर रेल्वे लाइन्सला, तिथून हॉस्पिटल. रफीकभाई बोलके, घोडा म्हातारा. बाई मागं न बसता पुढं त्यांच्या शेजारी बसायच्या, कारण मागं बसलं की उलटं बघावं लागतं. एका सकाळी बाईंना सोडून परत जाताना नाक्याजवळ ट्रकची धडक बसली. टांग्याच्या तुटलेल्या लोखंडी पट्टीनं रफीकभाईंच्या गुडघ्यामागची रक्तवाहिनी कापली. लोकांनी त्यांना उचलून आमच्याकडेच आणलं.

बाईंनी ती रक्तवाहिनी शिवली. टाक्यांच्या भोकांतून रक्त झिरपत होतं. दाबून धरलं की थांबायचं, सोडलं की पुन्हा. बाईंनी निळा मागितला. यावेळी सगळं सोपं होतं, जागा कोरडी करता येत होती. थेंब सोडला, झिरपणं थांबलं. पाय गरम झाला. बाईंनी त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "बघ, कसा गुलाबी झालाय."

चौथ्या-पाचव्या दिवशी पाय गार पडला. पुन्हा उघडलं तेव्हा डिंक लावला होता तिथं रक्तवाहिनी दगडासारखी कडक झाली होती आणि आत गुठळी. बाईंनी होतं नव्हतं ते सगळं केलं. शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

त्या घडीला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारणारं कोणी नव्हतंही. बाई स्वतः वॉर्डात गेल्या, स्टूल ओढून त्यांच्या खाटेशी बसल्या. मी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन पलीकडे उभी होते.

"रफीकभाई," बाई म्हणाल्या, "मी तुमच्या रक्तवाहिनीला एक औषध लावलं होतं, रक्त थांबायला. त्यानंच ती बंद झाली असं मला वाटतं. मी नुसतं दाबून धरून आणखी वेळ थांबले असते तर कदाचित पाय राहिला असता. कदाचित. नक्की माहीत नाही. पण तुम्हाला हे माहीत असलं पाहिजे."

रफीकभाई छताकडे बघत होते. "मय क्या बोलू बाई," ते म्हणाले. मग कूस भिंतीकडे वळवली. त्यानंतर घरी जाईपर्यंत ते बाईंशी एक शब्द बोलले नाहीत. बाई रोज जायच्या, स्टुलावर बसायच्या, ड्रेसिंग स्वतः करायच्या आणि उठायच्या. त्या काही महिन्यांत बाई चालत यायच्या-जायच्या. रिक्षा, दुसरा टांगा, काही नाही. मी एकदा सुचवून बघितलं. "पाय आहेत ना मला," म्हणाल्या.

पावसाळ्यानंतर एका सकाळी मी गेटातून आत येत होते, तर रफीकभाईंचा टांगा येताना दिसला. लाकडी पाय पुढं टेकवलेला, लगाम हातात, आणि शेजारी बाई. मी नंतर विचारलं, कसं काय. बाई म्हणाल्या, "माझ्या दारात उभे होते. म्हणाले, बाई, बैठो, देर हो रही." रक्तवाहिनीला मात्र त्यांनी त्यानंतर कधी तो डिंक लावला नाही. फक्त हृदयाच्या त्या पातळ पाळीला, आणि तेही दुसरा काही इलाज उरला नाही तर.

त्याच हिवाळ्यात बाई पुन्हा जर्मनीला जवळजवळ गेल्याच होत्या. दिवेकर दरवर्षी कळवायचे की तिथं जागा आहे, या. ते नुसत्या जागेबद्दल नव्हतं, एवढं मलाही समजत होतं. डबा आला की बाई दोन दिवस वेगळ्या असायच्या. ठेवणीतली इरकली निघायची, डॉ. जोशींच्या जुन्या विनोदांना हसायच्या. त्या हिवाळ्यात त्यांनी पासपोर्ट नवा करून घेतला, विश्वस्तांना सांगून झालं. मला म्हणाल्या, "मशीनवर हात बसवायला पुन्हा सहा महिने लागतील. पण बसेल." मी म्हटलं, "बसेल की बाई." आणि स्टोअररूममध्ये जाऊन रडले.

पण थिएटरची यादी संपत नव्हती. "हिचं झालं की," म्हणाल्या. मग दुसरीचं. मग, "हा उन्हाळा होऊ दे." अक्कलकोटला आई आजारी पडली, ती पुढं वारली. उन्हाळे होत गेले. न जाण्याचा निर्णय बाईंनी कधी घेतलाच नाही. जाणं तेवढं राहून गेलं. मी त्यांना एकदा थेट विचारलं होतं, तुम्हाला जायचं नाही का. त्या सुयांचा डबा बघत होत्या. "जायचं आहे ना," त्या म्हणाल्या. "रोज जायचं असतं."

आणि मग ती मुलगी आली. हिवाळ्यातली सकाळ, ओपीडी भरलेली. पंचविशीची, रेशमी साडी, हातात तो ओळखीचा डबा. जिना झपझप चढून आली आणि बाईंना वाकून नमस्कार केला.

"मी अनुराधा दिवेकर. पुण्याला माहेरी आले होते. हे म्हणाले, यंदा कुणाच्या हाती नको, तू स्वतः जा. ताईंना भेटून ये."

बाई उठल्या. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. "कधी झालं लग्न?"

"गेल्या वर्षी, दिवाळीनंतर. इकडेच, पुण्यात. ताई, तुम्हाला कळवायचं राहिलं असं ते म्हणत होते, फार वाईट वाटत होतं त्यांना."

"अगं, कळवलंस ना तू," बाई म्हणाल्या. "ये. आधी काहीतरी खा."

मी त्यांना तितकं बोलताना कधी बघितलं नव्हतं. तिला त्यांनी थिएटर दाखवलं, वॉर्ड दाखवला, टाके काढलेल्या एका बाईला तिच्यासमोर जिना चढायला लावलं. मल्लेशमला पाठवून तिच्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणवली. "त्यांना आवडते," असं मात्र म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रवासात टिकते." एक चादर दिली, मोरांची. रफीकभाईंच्या टांग्यातून तिला स्टेशनवर सोडायला स्वतः गेल्या. अनुराधा गोड होती. जाताना मला म्हणाली, "हे सारखं ताईंचंच सांगत असतात." मला तिचा राग आला नाही. यायला हवा होता, असं त्या वेळी वाटलं.

दुपारी मी थिएटरमध्ये गेले तर बाई फ्रीजसमोर होत्या. दार उघडं. निळ्या नळ्या एकेक करून कप्प्यात लावून झाल्या होत्या, थर्मास रिकामा खाली ठेवलेला, तरी त्या तशाच उभ्या. गार हवा त्यांच्या तोंडावर येत होती.

"बाई, दार लावू का? थंडावा जातोय."

"जाऊ दे थोडा," त्या म्हणाल्या.

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं, थिएटरचं.

त्या नळ्या त्यांनी जपून वापरल्या. संपल्या तेव्हा नव्या मागवल्या नाहीत. त्यानंतर त्यांची ऑपरेशनं हळूहळू कमी होत गेली. मुंबईला जाऊ शकणारे मुंबईला जाऊ लागले, नवीन डॉक्टर आले, त्यांना यंत्राशिवाय हृदयाला हात लावणं धोक्याचं वाटायचं, आणि ते चुकीचं म्हणत नव्हते. दशक संपायला आलं तेव्हा एक दिवस बाईंनी राजीनामा दिला. निरोपाचा समारंभ ठरला होता, हार आणला होता. बाई त्या दिवशी आल्याच नाहीत. कुणी म्हणालं गावी गेल्या, कुणी म्हणालं हुबळीला भाचीकडे. मला फार लागलं ते. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हातात काय काय दिलं होतं, त्यांना एक शब्द देता आला नसता का मला.

आठवडाभरानं वडिलांना बरं नव्हतं म्हणून मी होटगीला गेले होते. तरी ते कामावर गेलेच होते. संध्याकाळी त्यांचा डबा घेऊन स्टेशनवर गेले, तर विजापूरकडे जाणारी छोटी गाडी उभी होती, इंजिन पाणी घेत होतं. बायकांच्या डब्याच्या खिडकीत बाई बसल्या होत्या.

"बाई."

त्यांनी वळून बघितलं. चकित झाल्या नाहीत. "तू इथली, नाही का," म्हणाल्या.

"कायमच्या चाललात?"

"भाचीला तसं वाटतंय." मग थोडं थांबून, "मला हार घालून घ्यायला जमलं नसतं, शालिनी. तिथं तुम्ही सगळे असणार होतात."

मला बरंच बोलायचं होतं. मी म्हटलं, "पाणी आणू का?" त्यांनी तांब्या दिला. मी नळावरून भरून आणला, आणि तो परत घेताना त्यांनी माझी बोटं क्षणभर आपल्या हातात धरली, नाडी बघावी तशी नव्हे, नुसतीच. मग त्या घटाघट पाणी प्याल्या. गार्डानं शिट्टी दिली.

"जा, वडील वाट बघत असतील," त्या म्हणाल्या.

गाडी हलली. मी डब्याबरोबर चालायला लागले. समोरच्या बाकावरच्या बाईनं त्यांना काहीतरी विचारलं, कानडीत, कुठल्या तुम्ही, असं काहीतरी असेल. बाई तिच्याकडे वळल्या आणि बोलायला लागल्या, भरभर, हात हलवत, न तोडता, मधेच मोठ्यानं हसत. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. माझं कानडी तोडकंमोडकं, त्यात चाकांचा आवाज. फलाट संपला तिथं मी थांबले. दोनच शब्द मला नीट ऐकू आले, ते त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "नम्म सोल्लापुरदाग..." आमच्या सोलापुरात. पुढचं काही ऐकू आलं नाही.